मधमाशी, गांधीलमाशी की नुसती माशी? पेस्ट कंट्रोलला फोन लावायच्या आधी हे क्रमाने बघा

पाऊस ओसरला, ऊन पडायला लागलं की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो, हललेला, मधे काहीतरी पिवळं-काळं, आणि खाली "गार्डनमध्ये मधमाश्या झाल्यात, कोणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा". संध्याकाळपर्यंत फवारणी उरकलेली असते. तोच फोटो मोठा करून बघितला तर कित्येकदा त्यात होव्हरफ्लाय असते, म्हणजे एक साधी माशी, जिला डंखच नसतो आणि जिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या आपल्या गुलाबावरचा मावा खाऊन संपवतात. उलटंही होतं, एसीच्या आउटडोअर युनिटमागे गांधीलमाश्यांचं खरंखुरं पोळं लटकत असतं, घरचे म्हणतात "माश्या आहेत हो, काही करत नाहीत" आणि सर्व्हिसिंगला आलेला पोरगा तिथे हात घालतो. ही दुसरी चूक जास्त वाईट, पण दोन्हींचं मूळ एकच आहे, सगळे आधी रंग बघतात.

रंग सगळ्यात शेवटी बघायचा. पिवळे-काळे पट्टे मधमाशीला असतात, गांधीलमाशीला असतात आणि ज्यांच्याकडे डंख नाही अशा माश्यांनाही असतात, कारण त्या वेशामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. पक्षी फसतात तसेच आपणही फसतो. म्हणून खालचा क्रम आहे तसाच पाळा: आधी लांबून वागणं, मग डोकं, मग पंख, मग कंबर आणि केस, मग पाय, नाव त्यानंतर, आणि पोळ्याचं काय करायचं ते सगळ्यात शेवटी. कुठल्याही एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, निदान तीन खुणा जुळल्या पाहिजेत.

## तयारी

वेळ. सकाळी ८ ते ११ बरी. दुपारच्या कडक उन्हात सगळेच किडे फास्ट होतात, एका फुलावर सेकंदभर टेकतात आणि उडतात, नवीन माणसाला काहीच दिसत नाही.

जागा. सुरुवात घरच्या तुळशीपासून करा. मंजिऱ्या खुडू नका, येऊ द्या, त्यावर मधमाश्या येतातच. खाली उतरलात तर रस्त्याकडेची घाणेरी, एकदांडी, रुई. ठाण्यात येऊरची बाजू किंवा घोडबंदर रोडची ओवळेकर वाडी, नवी मुंबईत खारघरच्या टेकड्यांचा पायथा किंवा बेलापूरचं पारसिक हिल. पण तिन्ही प्रकार एकाच ठिकाणी आणि निवांत बघायचे असतील तर उन्हाळ्यात उसाच्या रसाची गाडी गाठा. चोथ्याच्या ढिगावर मधमाश्या जीभ लावून रस ओढत असतात, तिथेच घरमाश्या आणि निळ्या-हिरव्या माश्या, आणि मधेच एखादी गांधीलमाशी पाय लोंबकळत येते. सगळ्या खाण्यात गुंतलेल्या असतात, तुमच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, एक ग्लास रस घेऊन बाजूला उभं राहा आणि बघत बसा.

अंतर. फुलावरच्या किंवा चोथ्यावरच्या माशीजवळ दीड-दोन फुटांवर थांबलात तरी चालतं, ती आपल्या कामात असते. पोळ्याजवळ हा हिशोब चालत नाही. गांधीलमाशीच्या छोट्या पोळ्यापासूनही दहा-बारा फूट लांब राहा, आणि आग्यामोहोळ असेल तर खाली उभंच राहू नका, समोरच्या बिल्डिंगमधून झूम करून बघा. डिओ, सेंट मारून जाऊ नका.

मोबाइल. आधी व्हिडिओ घ्या, फोटो नंतर. स्लो मोशन असेल तर १२० किंवा २४० फ्रेमवर दहा सेकंद घ्या, नंतर थांबवून थांबवून बघा, उडताना पंख आणि पाय कसे असतात ते तिथेच कळतं. फोन नाकाजवळ नेऊ नका, २एक्स झूम लावा आणि स्क्रीनवर माशीच्या डोक्यावर टॅप करून फोकस करा. तीन बाजूंनी फोटो हवेत: समोरून चेहरा, बाजूने पूर्ण शरीर, वरून पाठ. लोक फक्त पाठीचा काढतात, आणि पाठीवर पट्ट्यांशिवाय फारसं काही नसतं.

भिंग. सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळतं, महाग नसतं, घेऊन ठेवा.

> साइजबद्दल: घाबरलेल्या माणसाला माशी दुप्पट मोठी दिसते, हे गृहीतच धरा. माशी उडून गेल्यावर तेच पान किंवा तेच फूल मोजा, मग सांगा किती मोठी होती.

## पायरी १: आधी मेलेल्यांवर हात बसवा

ही पायरी कोणी सांगत नाही, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाची हीच. खिडकीच्या खाचेत, पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली मेलेल्या माश्या पडलेल्या असतात. वरच्या मजल्यांवर राहत असाल आणि सकाळी लाइटखाली मोठाल्या मधमाश्या मेलेल्या सापडत असतील तर त्या बहुतेक आग्या माश्या, त्या चांदण्या रात्रीसुद्धा उडतात आणि दिव्यावर येतात. (रात्री बाल्कनीचा लाइट बंद ठेवला की हे पुष्कळ कमी होतं.)

चिमट्याने किंवा कागदाच्या कडेने उचला, पांढऱ्या कागदावर ठेवा, भिंग डोळ्याला लावा आणि टूथपिकने एका बाजूचा पंख हळूच वर करा. मधमाशी असेल तर आधी एकच पंख वाटेल. टूथपिक थोडी मागे सरकवा, त्या मोठ्या पंखाच्या खालून दुसरा छोटा पंख सुटा होतो. दोन्ही पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, उडताना एकच पंख म्हणून चालतात. आता घरमाशी घ्या. तिचा पंख उचला, खाली दुसरा पंख नाही, त्या जागी एक इवलीशी दांडी आणि तिच्या टोकाला गोळा, हा तिचा उडताना तोल सांभाळायचा अवयव. एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की माशी आणि मधमाशी यातला फरक परत पाठ करावा लागत नाही.

> सावधान: मेलेल्या मधमाशीला बोटात धरू नका. पोट दाबलं गेलं तर तिचा काटा मेल्यानंतरही टोचतो आणि विषही आत जातं.

## पायरी २: लांबून वागणं बघा, निदान अर्धा मिनिट

अजून जवळ जायचं नाही, फोटोही नाही. फक्त बघायचं की ही करतेय काय.

मधमाशी फुलावर काम करते. एका फुलावरून त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर, परत तिसऱ्या, पाय पोटावर घासून पराग गोळा करत. उन्हाळ्यात त्या कुंडीखालच्या बशीत किंवा एसीच्या थेंबांवर पाणी प्यायला येतात, त्याचा अर्थ घरात पोळं झालंय असा होत नाही.

गांधीलमाशी शोध घेत फिरते. पानाच्या वर, पानाच्या खाली, भिंतीच्या कोपऱ्यात, कारण तिला पिल्लांसाठी अळ्या हव्या असतात. कधी जुन्या लाकडी खिडकीवर किंवा बांबूवर बसून जबड्याने लाकूड खरवडताना दिसते, त्याच लगद्याचा ती कागद बनवते. फुलावर मधासाठी तीसुद्धा येते, म्हणून फुलावर बसली म्हणजे मधमाशी, असं धरू नका.

माशी बसली की पुढचे दोन पाय एकमेकांवर घासते आणि थांबून थांबून टुणकन जागा बदलते. होव्हरफ्लाय तर हवेत एका जागी पूर्ण स्थिर राहते, मग झपकन बाजूला सरकते आणि परत स्थिर.

इथे एक गडबड होते. निळ्या पट्ट्यांची एक देशी मधमाशी आहे, ब्लू बँडेड बी, टोमॅटो-वांग्याच्या फुलांवर ती मोठा आवाज करत फूल अक्षरशः हलवून पराग पाडते. ती पण क्षणभर हवेत थांबते आणि झपकन सरकते. म्हणून फक्त "हवेत स्थिर होती" यावर माशी म्हणून मोकळं होऊ नका, पुढच्या पायरीवर या. ह्या जातीचे नर संध्याकाळी सुकलेल्या काडीला जबड्याने धरून ओळीने लटकून झोपतात, कुंडीत असं दिसलं तर काडी तोडू नका, नरांना डंख नसतो.

## पायरी ३: चेहरा

मला विचाराल तर निम्मं काम इथे होतं, आणि पंखांपेक्षा हे सोपं आहे, कारण पंख मिटलेले असतात पण डोकं लपत नाही.

डोळे. माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात, समोरून बघितलं तर नुसते दोन मोठे गोल डोळे दिसतात. बऱ्याच होव्हरफ्लायच्या नरांचे तर दोन्ही डोळे वर कपाळावर एकमेकांना टेकलेले असतात. काही होव्हरफ्लायच्या डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतात, असे डोळे दिसले की प्रश्न मिटला, ती माशीच. मधमाशीचे डोळे लांबट आणि डोक्याच्या दोन बाजूंना, मधे चेहरा दिसतो. गांधीलमाशीचे पण बाजूला, आणि आतल्या कडेला एक खाच असते.

मिशा. मधमाशी आणि गांधीलमाशी दोघींच्या मिशा लांब, मधे कोपरात वाकलेल्या आणि सतत हलणाऱ्या. बहुतेक माश्यांच्या मिशा इतक्या आखूड की फोटोत दिसतच नाहीत, डोळ्यांच्या मधे दोन बारीक ठिपके असतात तेवढंच.

> तपासा: फोटोत मिशा दिसत नाहीयेत? मग आधी ठरवा की मिशा खरंच नाहीत की फोटो धूसर आहे. डोळे स्पष्ट आहेत आणि तरी मिशा नाहीत, तर माशी. डोळेच धूसर असतील तर फोटो बाद, परत काढा.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एक, नर मधमाशी. पोळ्यातल्या नरांचे डोळे खूप मोठे असतात आणि वर एकमेकांना टेकतात, अगदी माशीसारखे. पण मिशा लांब असतात आणि पंख चार. दुसरा अपवाद ब्लॅक सोल्जर फ्लाय, तिच्याबद्दल पायरी ६ मध्ये सविस्तर सांगतो, कारण ओला कचरा जिरवणाऱ्या सोसायट्यांत सगळ्यात जास्त घोळ तिच्यावरून होतो.

## पायरी ४: पंख, पण मोजण्याची घाई नको

"माशीला दोन पंख, मधमाशीला चार" हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि तरी चुकतं, कारण बसलेल्या मधमाशीचेही दोनच दिसतात. मागचे पंख पुढच्यांखाली गेलेले असतात. म्हणून दोन दिसले तर काहीच सिद्ध होत नाही. चार दिसले तर मात्र नक्की, ती साधी माशी नाही.

मोजता येत नसेल तर पंख ठेवायची पद्धत बघा. गांधीलमाशी बसली की पुढचे पंख उभे दुमडते, लांबीच्या रेषेत, त्यामुळे पंख अरुंद पट्टीएवढे दिसतात, शरीराच्या दोन बाजूंना दोन काड्या. ही खूण कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाश्यांमध्ये आणि कुंभारीणीत (मातीचं छोटं मडकं बनवणारी गांधीलमाशी) दिसते, लांबूनही कळते, आणि ह्या दोघींना ओळखताना लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून ती लक्षात राहू द्या. मधमाशी पंख पाठीवर एकावर एक घेते. घरमाशीसारख्या माश्या पंख किंचित फाकवून ठेवतात, मधे पोट उघडं दिसतं.

## पायरी ५: कंबर, केस, पाय

बाजूने काढलेला फोटो आता उघडा.

गांधीलमाशीची कंबर स्पष्ट बारीक असते, काहींची तर दोऱ्याएवढी. मधमाशीलाही कंबर असते पण केसांमुळे आणि ठेंगण्या बांध्यामुळे दिसत नाही, धड पोटाला चिकटल्यासारखं वाटतं. माशीला कंबर नसतेच.

केस बघताना पाठीच्या पुढच्या भागावर, म्हणजे जिथून पंख फुटतात तिथे बघा. मधमाशीचे केस दाट आणि मऊ, त्यांना बारीक फाटे फुटलेले असतात, त्यातच पराग अडकतात. गांधीलमाशी बहुतेक वेळा गुळगुळीत आणि चकचकीत. पण केसांवर फार भरवसा ठेवू नका, केसाळ माश्याही असतात. बी फ्लाय म्हणून एक आहे, अंगभर केस, पुढे सुईसारखी सरळ लांब सोंड जी आत ओढता येत नाही, आणि लोकांना वाटतं डंख पुढे आहे. डंख नेहमी पोटाच्या मागच्या टोकाला असतो, तोंडाजवळ जे काही टोकदार दिसतं तो डंख नव्हे.

मागचे पाय शेवटी. मागच्या पायावर पिवळी, नारिंगी किंवा पांढरट परागाची घट्ट गोळी दिसली तर मधमाशी, इथे शंका ठेवायचं कारण नाही. गोळी नसेल म्हणून मधमाशी नाही असं मात्र होत नाही, ती फक्त मध किंवा पाणी घ्यायला आली असेल. पानं कापणारी मधमाशी पराग पायावर नेत नाही, पोटाच्या खालच्या बाजूच्या केसांत नेते, तिचं पोट खालून पिवळंधम्मक दिसतं. गुलाबाच्या पानांच्या कडेला गोल कापल्याचे डाग दिसतात ते तिचं काम, ती पानं खात नाही, पिल्लांच्या कप्प्याला अस्तर लावायला नेते, झाडाला विशेष काही होत नाही, औषध मारू नका.

> तपासा: आतापर्यंत डोळे, मिशा, पंख, कंबर, केस, पाय यातल्या तीन खुणा एकाच बाजूला झुकतायत का? नसतील तर नाव देऊ नका, परत पायरी ३ वर जा. घाईने दिलेलं नाव ग्रुपवर फॉरवर्ड होतं आणि नंतर ते मागे घेता येत नाही.

## पायरी ६: आता नाव

आपल्या भागात नेहमी दिसणारे सांगतो, सगळे नाही.

आग्या. मोठी, पावणेदोन-दोन सेंटिमीटर. एकच मोठं पोळं उघड्यावर, उंच बिल्डिंगच्या छज्जाखाली, पाण्याच्या टाकीखाली, पुलाखाली. जवळ काही आलं की पोळ्यावरच्या माश्या एकापाठोपाठ पोट वर करतात, सगळ्या पोळ्यावर लाट गेल्याचं दिसतं. ती लाट म्हणजे इशारा, तिथून निघा.

सातेरी. सेंटिमीटरभर. पोळी अनेक, समांतर, अंधाऱ्या पोकळीत, झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, बंद पडलेला मीटर बॉक्स.

फुलोरी. सातेरीहून छोटी, पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागे काळ्यावर पांढरे पट्टे. झुडपाच्या फांदीला एकच छोटं पोळं, तळहाताएवढं. बाल्कनीच्या ग्रिलवर जे दिसतं ते पुष्कळदा हिचंच.

पोयाची माशी. काळी, तीन-चार मिलिमीटर, डंख नसलेली मधमाशी. भिंतीच्या भेगेतून मेणाची छोटी नळी बाहेर आलेली दिसते, तिच्या तोंडाशी ये-जा चालू असते. लोक हिला चिलटं समजून फिनेल ओततात. चिलटं पिकलेल्या केळ्यावर आणि कचऱ्याच्या डब्यावर घोंगावतात, भिंतीतून रांगेने आत-बाहेर करत नाहीत.

सुतार भुंगा. मोठा, काळा, ढोलासारखा आवाज, रुईच्या फुलांवर नक्की भेटतो. हाही मधमाशीच्याच गोतावळ्यातला. बरेच जण फोटो टाकून "बंबलबी" लिहितात, बंबलबी भारतात मुख्यतः हिमालयात सापडते, ठाण्यात नाही. पोट वरून चकचकीत असेल तर सुतार भुंगा. वाळलेल्या बांबूला किंवा लाकडी चौकटीला गोल भोक आणि खाली भुसा पडलेला, तर तो तिथे राहतोय.

कागदी पोळ्याची गांधीलमाशी. तांबूस, अंगाने सडपातळ, उडताना लांब पाय लोंबकळतात. पोळं राखाडी, कागदी, एका देठाला लटकलेलं, घरं खाली उघडी.

मोठी गांधीलमाशी. अडीच सेंटिमीटरच्या आसपास, काळपट, पोटावर एक रुंद पिवळा-नारिंगी पट्टा. ही वरच्या कागदी पोळ्यांवर धाड घालून त्यांची पिल्लं नेते. हिच्याशी अजिबात खेळ नको.

कुंभारीण आणि मातीवाल्या. एकट्या राहतात. पिवळ्या पायांची, दोऱ्याएवढ्या कंबरेची काळी माशी फोटोफ्रेममागे मातीचे गोळे लावते, आत गुंगी दिलेले कोळी भरते. कुंभारीण तर गळा असलेलं हुबेहूब छोटं मडकं बनवते आणि त्यात अळ्या ठेवते. ह्या घरट्याची राखण करत बसत नाहीत, मागे लागत नाहीत. मातीला भोक पडलेलं असेल तर पिल्लू निघून गेलंय, खरवडून टाकलंत तरी चालेल. स्वयंपाकघरात निळी-हिरवी चमकणारी, लाल मांड्यांची माशी झुरळाला मिशीला धरून ओढत नेताना दिसली तर ती पण गांधीलमाशीच्याच कुळातली, झुरळांची शिकारी. तिला तिचं काम करू द्या.

ब्लॅक सोल्जर फ्लाय. आता ही. काळी, दीड-दोन सेंटिमीटर, सडपातळ, आणि इतर माश्यांपेक्षा मिशा लांब, त्यामुळे चेहरा बघूनही माणूस फसतो. खताच्या ड्रमभोवती दोन-चार दिसल्या की "गांधीलमाश्यांनी पोळं केलंय" म्हणून ड्रमच बंद करायची मागणी येते. ओळखायची खूण कंबरेत आहे. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या असतात, त्यातून आरपार उजेड दिसतो, लांबून वाटतं कंबर बारीक आहे, पण कंबर नसते. पायांची टोकं पांढरी. मिटलेला पंख दुमडलेला नसतो, सपाट असतो. ती चावत नाही, डंख नाही, तिच्या अळ्या ओला कचरा फस्त करतात. ड्रममध्ये जाड मळकट अळ्या वळवळताना दिसल्या तर खताची वाट लागलेली नाही, खत चांगलं चाललंय. फार झाल्यासारख्या वाटल्या तर ओला कचरा उघडा टाकू नका, वर सुका पाला किंवा कोकोपीट पसरा.

हिरवी चकचकीत माशी दिसली तरी थांबा, हिरव्या रंगाची छोटी मधमाशीपण असते. मासळी बाजारातली असेल, डोळे मोठे लाल आणि मिशा दिसत नसतील तर साधी माशी. फुलावर असेल, लांबट आणि मिशा हलत असतील तर मधमाशी.

## पायरी ७: पोळं दिसलं तर

आधी बघा पोळं आहे की नुसता घोळका. मधमाश्या नवीन जागा शोधताना फांदीला किंवा ग्रिलला घड करून लटकतात, खाली मेणाचं पोळं नसतं. काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत त्या आपणहून जातात. त्या वेळात मुलांना लांब ठेवा, खिडकी लावा, बाकी काही करायची गरज नाही.

मेणाचं पोळं असेल तर मधमाशी, कागदी असेल तर गांधीलमाशी, मातीचं असेल तर एकटी राहणारी. फवारणीचा विचार मधमाशीसाठी करूच नका. फुलोरी बऱ्याचदा बाल्कनीत शांतपणे राहते, आग्या हंगाम संपला की स्थलांतर करते, तोपर्यंत ती बाजू वापरू नका. हलवणं गरजेचंच असेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत शिकलेले किंवा तसंच प्रशिक्षण घेतलेले लोक शोधा, जे पोळं जाळत नाहीत. दाराजवळ, एसीमागे, मुलांच्या खेळायच्या जागी गांधीलमाशीचं पोळं असेल तर मात्र काढावंच लागतं, आणि ते प्रशिक्षित माणसानेच.

> हे करू नका: मशाल, धूर, दगड, पाण्याचा पाइप, रात्री काठीने पाडणं. मधमाशी चिरडली की तिच्या अंगातून केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्यांना हल्ल्याचा इशारा असतो.

बिल्डिंगला बाहेरून रंग किंवा काचा पुसायचं काम निघणार असेल तर पोळं कुठल्या मजल्यावर, कुठल्या बाजूला आहे ते सेक्रेटरीला लेखी कळवा, दोराला लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

## पायरी ८: डंख बसलाच तर

अंगावर आल्या तर हात झटकत उभे राहू नका. चेहरा झाका आणि सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, आग्या वर घोंगावत वाट बघतात.

मग कातडी बघा. काटा रुतून राहिलाय, त्याला बारीक पिशवी लटकतेय, तर मधमाशी. ती पिशवी काटा सुटल्यावरही विष आत ढकलत राहते, म्हणून नखाने, कार्डाने, जसा निघेल तसा लगेच काढा, पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. काटा नाही, आणि एकापेक्षा जास्त वेळा टोचलंय, तर बहुधा गांधीलमाशी, तिचा काटा तुटत नाही. दोन्ही वेळा साबणाने धुवा, बर्फ लावा, अंगठी-बांगड्या सूज यायच्या आधी काढा. चुना, टूथपेस्ट, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका.

श्वास लागणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, अंगभर गांध्या, चक्कर, उलट्या, यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने इमर्जन्सीला घेऊन जा, हे काही मिनिटांत वाढू शकतं. डंख खूप बसले असतील, तोंडात किंवा घशात बसला असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर लक्षणं नसतानाही दाखवा. डॉक्टरांना वेळ, किती डंख आणि काटा सापडला की नाही एवढं सांगितलं तरी पुरतं, कुठली माशी होती ते बघायला परत पोळ्याकडे जाऊ नका.